आयत्या वेळी विषय घेऊन बाजारतळावर गाळे बांधायचा ठराव केलाय, आता काय करता येईल?

बाभळीचा_काटा

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो. गाव सातारा जिल्ह्यात, नाव लिहीत नाही कारण गावातले दोघंतिघं इथं वाचत असतात. मतदान २४०० च्या आसपास. मी चाकणला कंपनीत, महिन्यातून एकदा गावी जाणं होतं, त्यामुळं निम्मं ऐकीव आहे, निम्मं डोळ्यांनी बघितलेलं.

गावाच्या मधोमध बाजारतळ आहे. एका कडेला जुनी चावडी, दगडी जोतं, वर कौलं, त्यातली निम्मी आता नाहीत, आणि समोर लिंबाचा पार. दर गुरुवारी बाजार भरतो. चावडीच्या ओट्याला लागून पाचसहा टपऱ्या आहेत, त्यातली एक आमच्या आण्णांची, शिलाईची. ३१ वर्षं झाली. ग्रामपंचायत दर महिन्याला पावती फाडते, आण्णांनी सगळ्या पावत्या तारेला टोचून ठेवल्यात, खालच्या पार पिवळ्या पडल्या.

१५ ऑगस्टला ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली आणि जिलेबीबरोबर लोकंही पांगली. सभेला चाळीसपंचेचाळीस डोकी. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, नाही म्हणून तहकूब केली. मग २२ तारखेला मारुतीच्या देवळात तहकूब सभा, तिथं तर तीसच लोकं. विषय सगळे नेहमीचेच, जमाखर्च, घरकुल यादी, दिवाबत्ती. आणि शेवटी लोकं चपला शोधायला लागल्यावर सरपंच म्हणाले, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा एक विषय आहे, चावडी धोकादायक झालीय ती पाडायची आणि बाजारतळावर कॉम्प्लेक्स बांधायचं. खाली २२ गाळे, वर हॉल. पैसे कोण घालणार तर तालुक्याचा एक ठेकेदार, आणि बदल्यात गाळे ३० वर्षं त्याच्या ताब्यात, तो वर्षाला ठरलेली रक्कम ग्रामपंचायतीला देणार. बाजार "तात्पुरता" कॅनॉलच्या पलीकडं. सूचक, अनुमोदक, टाळ्या, मंजूर. पाच मिनिटं लागली नसतील.

पुढची गंमत ऐका. दोन दिवसांनी शिपाई वही घेऊन घरोघरी फिरला. आमच्या आईनंही सही केली. तिला वाटलं घरकुलाच्या यादीचं काहीतरी आहे. त्यानं पानाचा वरचा भाग हातानं दाबून धरला होता म्हणे. चुलती त्या दिवशी गावातच नव्हती, लेकीकडं बाळंतपणाला गेलेली, तरी वहीत तिचा अंगठा आहे. चुलती सातवी शिकलेली आहे, सही करते!

चुलतभाऊ मेंबर आहे, त्यानं विरोध केला तर त्याला सांगितलंय की तुझ्या चुलत्याची टपरी अतिक्रमणात आहे, तुझं सदस्यत्व घालवू. तो गप्प झालाय.

माझा विकासाला विरोध नाही हे पण लिहितो, नाहीतर लगेच ऐकावं लागतं की पुण्यात बसून गाव मागं ठेवायला निघालेत. चावडी खरंच पडायला आलीय. पण हा असा ठराव चालतो का, आणि कुठं दाद मागायची? वकील करायची ऐपत आहे पण भांडण कोर्टात गेलं की आण्णांना गावात राहायचंय हा प्रश्न उरतोच.

दप्तरवाला

काका लोकांना झोप येत नाही म्हणून रात्री उत्तर देतोय. ग्रामसेवक म्हणून आयुष्य गेलं. आता म्हणे आमच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, २०२४ ला बदललं, मी त्याआधीच सुटलो. गावात लोकं अजून भाऊसाहेबच म्हणतात.

बाळा, तुझ्या पोस्टमध्येच उत्तर आहे. ग्रामसभेचा कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. तुमच्या २४०० चे १५ टक्के ३६० होतात, म्हणजे तुम्हाला १०० पुरे. ते नव्हते, तहकूब झाली, बरोबरच केलं. तहकूब सभेला कोरम लागत नाही हेही बरोबर. पण त्याच्या पुढचं वाक्य कोणी सांगत नाही. कोरम नाही म्हणून जी सभा परत घेतली तिथं मूळ विषयपत्रिकेवर नसलेला नवा विषय घेता येत नाही. आधी कोरमशिवाय सभा घ्यायची आणि मग वाटेल तो विषय काढायचा असं चाललं असतं तर तीस माणसांनी गाव विकून खाल्लं असतं. त्यामुळं मूळ सभेची नोटीस पहिली हुडक. साध्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, विषयासकट, बोर्डावर आणि दवंडी देऊन. त्यात कॉम्प्लेक्स हा शब्द नसेल तर ठराव पायातच कच्चा.

पण थांब. आमच्या लोकांचीही कला असते. नोटिशीत "चावडी दुरुस्तीबाबत चर्चा करणे" असा एक विषय हळूच असतो आणि त्याच्या पोटात सगळं घालतात. म्हणून म्हणतो नोटिशीची नक्कल हातात आल्याशिवाय गावात एक अक्षर बोलू नको.

दुसरं, ग्रामसभेनं हो म्हणलं म्हणजे काम सुरू असं नसतं. ग्रामपंचायतीची इमारत पाडायची तर निर्लेखन लागतं, म्हणजे इमारत वापरायला लायक नाही असा बांधकाम खात्याच्या इंजिनियरचा दाखला, तिची किंमत, दगड लाकूड कौलं यांचा लिलाव, आणि वरची मंजुरी. मी नोकरीत असताना एका शाळेच्या दोन खोल्या निर्लेखनाशिवाय पाडल्या म्हणून आमच्या एका साथीदाराची पेन्शन अडकली होती, त्याचं सागवान कोणाच्या गोठ्याला लागलं ते सगळ्या गावाला माहीत होतं. तुमच्या चावडीत सागवान असणारच. ते कुठं जाणार हा प्रश्न सभेत पहिला विचारा, बघा चेहरे.

तिसरं, ३० वर्षं गाळे ठेकेदाराकडं. ग्रामपंचायतीची स्थावर मालमत्ता अशी लांब मुदतीनं द्यायची तर जिल्हा परिषदेच्या सीईओंची, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची, मंजुरी पाहिजे. त्याशिवाय सरपंचानं केलेला करार म्हणजे नुसता स्टॅम्पपेपर.

माहितीचा अधिकार टाक. दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आपल्या राज्याचा २०१२ चा नियम आहे तसा. नायतर त्याच कारणावर अर्ज परत येतो. ३० दिवस थांब, नाही दिली माहिती तर पंचायत समितीत पहिलं अपील. काय मागायचं? १५ ऑगस्टच्या सभेची नोटीस, उपस्थिती वहीची पानं, दोन्ही सभांचं इतिवृत्त. "ठरावाची माहिती द्या" असं मोघम लिहू नको, कागदाचं नाव लिही.

गाळा_नंबर_७

दप्तरवाले काकांचं सगळं मान्य, पण जरा दुसरी बाजू पण ऐका. मी आमच्या गावात पाच वर्षं मेंबर होतो, सोलापूर साईड. कोणी शिव्या देऊ नका.

ग्रामपंचायतीकडं पैसा कुठाय? घरपट्टी पाणीपट्टी मागायला गेलं की लोकं म्हणतात आधी रस्ता करा. रस्ता करायचा तर पट्टी भरा. हे असंच चालतं. लोक म्हणतात वित्त आयोगाचा पैसा येतो की, अरे येतो पण पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, उरलेल्या ४० मध्ये काय काय करणार. आणि निवडून आलेल्या बॉडीची मुदत संपून प्रशासक बसला की तोही अडकतो. स्वतःचं उत्पन्न नसलेली ग्रामपंचायत म्हणजे दर वेळी आमदाराच्या दारात उभी. गाळे हे उत्पन्नाचं चांगलं साधन आहे, हे मी अनुभवानं बोलतोय.

आम्ही १२ गाळे बांधले, पण ठेकेदाराकडून नाही, जिल्हा ग्राम विकास निधीतून कर्ज काढलं. जिल्हा परिषदेकडं हा निधी असतो, सगळ्या ग्रामपंचायतींच्या वर्गणीतून जमा होतो आणि त्यातूनच अशा कामाला कर्ज देतात, व्याज बँकेपेक्षा बरंच कमी. बाभळीचा काटा भाऊ, तुमच्या सरपंचांना हे माहीत नाही असं मला वाटत नाही, पण त्यात ठेकेदार मधे नसतो ना, म्हणून आठवण होत नाही.

चुका पण सांगतो म्हणजे तुम्ही त्या करू नका. आमच्या १२ पैकी पाच गाळे मेंबरांच्या मेव्हण्या-भाच्यांना गेले. लिलाव झाला, कागदावर झाला. भाडं ७०० रुपये ठरवलं आणि करारात भाडेवाढीचं कलमच घातलं नाही. आता मेव्हणा ग्रामपंचायतीला ७०० देतो आणि मोबाईलवाल्याकडून ४००० घेतो. सात नंबरचा गाळा बघून मला रोज तेच आठवतं, आयडी त्यावरूनच घेतलाय.

तरी सांगतो, उरलेल्या सात गाळ्यांच्या भाड्यावर आमच्या पाणीपुरवठ्याच्या माणसाचा पगार निघतो. आधी त्याला चारचार महिने पगार नसायचा आणि तो वैतागून वॉल उघडायचाच नाही.

सुगीचेदिवस

पाटोद्यात बघा, वेळेत कर भरला की दळण फुकट. हिवरे बाजार बघा. असं गाव पाहिजे.

गाळा_नंबर_७

@सुगीचेदिवस पाटोद्याची गिरणी मी स्वतः जाऊन बघून आलोय, आमच्या बॉडीची ट्रिप गेली होती, येताना वेरूळ केलं आणि शिर्डी केलं, आल्यावर गिरणीचा विषय कोणी काढला नाही. प्रत्येक धाग्यावर हिवरे बाजार लिहून काय होतं हो. या माणसाच्या टपरीचं बोला.

जोंधळा_निवडताना

मी दोन टर्म सदस्य होते, एकदा उपसरपंच. सगळे कायद्याचं बोलताय, मला बाजाराचं बोलायचंय.

बाजार कॅनॉलच्या पलीकडं नेला तर तिथं कोण बसणार? टेम्पोवाले व्यापारी बसतील. पण ज्या बाया डोक्यावर पाटी घेऊन येतात, दोन पेंढ्या मेथी, चार गावरान अंडी, पावशेर चवळी, त्या कॅनॉल ओलांडून जाणार का? त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे एसटीतून उतरणारं, दवाखान्यात आलेलं, बँकेत पैसे काढायला आलेलं. ते पलीकडं जात नाही. आमच्याकडं बाजार सहा महिन्यांसाठी हलवला होता, त्याला आता नऊ वर्षं झाली. आमच्या ओळीत तेवीस बाया बसायच्या, मी मोजल्या होत्या, नव्या जागेवर आठ राहिल्या. उरलेल्या आता व्यापाऱ्याला सकाळी सहाला रस्त्यावरच माल देतात, तो म्हणेल त्या भावानं.

आणि मी एवढी भांडले एका गोष्टीसाठी, कॉम्प्लेक्सच्या नकाशात बायकांचं संडास-मुतारी दाखवा. आठ तास बसतात बाया बाजारात, पाणी पीत नाहीत, का ते कळतं का कोणाला? नकाशात एक चौकोन काढला. बांधल्यावर त्या चौकोनात एकानं सिमेंटच्या गोण्या ठेवल्या, कुलूप लावलं, आजपर्यंत तेच. म्हणून सांगते, नकाशा मागा, प्लॅन बघा, आणि चावी कोणाकडं राहणार ते ठरावात लिहून घ्या. हसू नका, चावीचं लिहून घ्यायचं असतं.

अजून एक. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तुमच्या गावात झाली का? इतिवृत्तात लिहिलेली असणार, तीसेक बायांच्या सह्यांसकट, चहा बिस्किटाच्या खर्चासह. तुमच्या आईला आणि चुलतीला विचारा महिला सभा कधी झाली. त्या म्हणतील म्हणजे काय असतं?

आण्णांच्या टपरीवरून आठवलं. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला बालकल्याणला खर्च करायचे असतात, त्यातून दरवर्षी शिलाई मशिनी वाटतात. म्हणजे एकीकडं मशिनी वाटायच्या आणि दुसरीकडं ३१ वर्षं शिवणाऱ्या माणसाचं छप्पर काढायचं.

बाभळीचा_काटा

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. जोंधळा ताई, आईला विचारलं. ती म्हणाली महिला सभा म्हणजे बचत गटाची मीटिंग का.

दप्तरवाले काका, अर्ज टाकला. टाकायला गेलो तर भाऊसाहेब म्हणाले पोस्टानं पाठवा, मी म्हणलं तुमच्यासमोर उभाय की, पोचेचा शिक्का द्या. शिक्का सापडेना. वीस मिनिटं शिक्का शोधत होते. मी बसून राहिलो. शेवटी टेबलाच्या ड्रॉवरमध्येच होता.

चुलतभावाच्या सदस्यत्वाचं मात्र कोणी बोललं नाही. ती धमकी खरी आहे का पोकळ?

सातबारावाला

मी बोलतो त्यावर, पण आधी सगळ्यात मूळ प्रश्न कोणीच विचारला नाही. जागा कोणाची?

बाजारतळ आपला, आपल्या आजोबापासून आपला, हे ठीक आहे, पण सातबाऱ्यावर काय आहे? गावठाणात असेल तर गट नंबर नसेल, सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका असेल. २०२० पासून स्वामित्व योजनेचं ड्रोननं गावठाण मोजायचं काम चालू झालं, तुमच्या गावात झालं असेल तर त्या नकाशात बाजारतळ कसा दाखवलाय ते बघा, चावडी कोणाच्या नावावर आलीय ते बघा. चावडी बऱ्याच ठिकाणी महसूलची असते, ग्रामपंचायतीची नाही! तलाठी बसायचा ना तिथं. म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी, त्यांचंही नाव बदललंय. चावडी महसूलची निघाली तर ग्रामपंचायत ती पाडायचा ठराव करूच शकत नाही, दुसऱ्याचं घर पाडायचा ठराव केल्यासारखं आहे.

आणि गावठाणाबाहेर गट नंबर असेल आणि सातबाऱ्यावर सरकारी गायरान असं असेल तर मग विषय वेगळाच. सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार हा निकाल २०११ चा, गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा. त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या सरकारचा जीआर आला, गायरान जमीन दुसऱ्या कामाला द्यायची नाही, अगदीच सार्वजनिक काम असेल आणि दुसरी जागा नसेल तरच. ३० वर्षं ठेकेदाराच्या ताब्यातले गाळे यात कुठं बसतात ते कलेक्टर ऑफिसला विचारायला लागेल. सही असलेला डिजिटल सातबारा १५ रुपयात निघतो, मोबाईलवर, आजच काढा.

आता सदस्यत्वाचं. अतिक्रमण केलं तर सदस्य अपात्र होतो हे कलम आहे, ग्रामपंचायत कायद्याच्या १४ (१) मधलं ज-३. आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घरच्या माणसानं केलेल्या अतिक्रमणात सदस्य राहत असेल, वापर करत असेल तर तोही अडकतो. पण तुमचा चुलतभाऊ टपरीत बसतो का? शिलाई करतो का? कुटुंब वेगळं, रेशनकार्ड वेगळं, व्यवसाय वेगळा. शिवाय ३१ वर्षं पावती फाडलेली जागा अतिक्रमण म्हणायची तर त्या पावत्यांचा पैसा ग्रामपंचायतीनं कसला घेतला? हा निर्णय सरपंच देत नाही, कलेक्टर देतात, दोन्ही बाजू ऐकून. तारेला टोचलेल्या पावत्या आहेत ना, त्या सगळ्या स्कॅन करून ठेवा, खालच्या पिवळ्या पहिल्यांदा, त्यांची शाई उडते.

चुलतभावाला सांगा, बॉडीच्या मासिक सभेत विरोध केला तर तो तोंडी करू नको, "माझा विरोध नोंदवावा" असं लिहून दे आणि पोच घे. तोंडी विरोध प्रोसिडिंगात "सर्वानुमते" होऊन बसतो.

चहा_कमी_साखर

सर्वानुमते हा ग्रामपंचायतीतला सगळ्यात महाग शब्द आहे. आमच्याकडं एका मेंबरचं निधन झाल्यावर दोन महिन्यांनी तो पण सर्वानुमते मध्ये होता.

बाभळीचा_काटा

अपडेट देतोय, उशीर झाला, कंपनीत ओव्हरटाईम चालू होता.

कागद मिळाले, २९ व्या दिवशी. एकएक सांगतो.

नोटिशीत कॉम्प्लेक्स नाही. दप्तरवाले काका, तुमच्या तोंडात साखर पडो का काय म्हणू, विषय क्रमांक ६ "चावडी इमारत दुरुस्तीबाबत विचारविनिमय करणे" असाच आहे, शब्दन् शब्द! तुम्ही आमच्या गावात नोकरी केली होती का?

इतिवृत्तात ३० वर्षांचा उल्लेखच नाही. "सदर जागा विकसित करण्यास व त्यासाठी योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वाधिकार सरपंच यांना देण्यात येत आहेत." बस एवढं. म्हणजे सभेत आम्हाला जे सांगितलं ते पण वहीत नाही, आणि वहीत जे आहे ते सभेत सांगितलं नव्हतं.

२२ तारखेच्या सभेला ११२ सह्या आहेत. देवळात ११२ माणसं बसायला जागा नाही, देवळाची मोजणी मी केली नाही पण सप्त्यात ऐंशी माणसं बसली की म्हातारी माणसं बाहेर मांडवात येतात. त्यात चुलतीचा अंगठा आहेच. महिला सभा १४ ऑगस्टला झाली म्हणे, ३४ सह्या, आमच्या आईची सही आहे, आणि त्या दिवशी आई माझ्याकडं चाकणला होती. एसटीचं तिकीट आहे, अर्धं, पण तारीख दिसते.

मिळकत पत्रिका काढली. बाजारतळ ग्रामपंचायतीकडं आहे. चावडीची जागा मात्र सरकारच्या नावावर. सातबारावाले भाऊ, तुमच्यामुळं हे कळलं नाहीतर आम्ही निर्लेखनावरच भांडत बसलो असतो.

हे सगळं घेऊन आम्ही अकरा जण बीडीओ साहेबांकडं गेलो, आरडाओरडा नाही, फाइल दिली. चुलतीला घेऊन गेलो होतो, तिनं तिथंच कागदावर स्वतःची सही करून दाखवली, चांगली लफ्फेदार. साहेब हसले, विस्तार अधिकाऱ्याला बोलावलं, चौकशी लावली. विशेष ग्रामसभा लावायची मागणी केली तर म्हणाले बघतो. आता ती कशी लावून घ्यायची? आम्ही मतदारांनी सह्या देऊन मागितली तर सरपंचांना घ्यावीच लागते का?

दप्तरवाला

तुझ्या गावात नव्हतो, पण "विचारविनिमय करणे" आम्ही सगळे एकाच ट्रेनिंगला शिकलो.

नुसत्या मतदारांच्या अर्जावर सरपंच टाळू शकतो. पंचायत समितीनं किंवा सीईओंनी सांगितलं तर मात्र सभा लावावीच लागते. म्हणून अर्ज सरपंचाला नको, पंचायत समितीला कर, आणि तिथून पत्र यायला लाव. विशेष सभेची नोटीस चार दिवसांची असते, लक्ष ठेव, शनिवारी रात्री बोर्डावर चिकटवतील. आणि चौकशी चालू असेपर्यंत ठरावाची अंमलबजावणी थांबवावी अशी स्वतंत्र मागणी कर, एकाच अर्जात कोंबू नको. बेकायदा ठराव थांबवायचा अधिकार वर आहे, पण मागितल्याशिवाय कोणी वापरत नाही.

खोट्या सह्यांचं प्रकरण फार ताणू नको असं माझं मत. ताणलं तर शिपाई जाईल. बिचारा सात हजारावर आहे, त्यानं काय स्वतःच्या मनानं वही फिरवली?

गाळा_नंबर_७

माझं एकच, सभेत नुसतं नको नको म्हणू नका. दुसरा प्रस्ताव घेऊन जा. बाजारतळाची कड सोडून १० गाळे, जिल्हा ग्राम विकास निधीचं कर्ज, जाहीर लिलाव, दर तीन वर्षांनी भाडेवाढ, पोटभाडेकरू सापडला की गाळा जप्त. आणि टपरीवाल्यांना पहिला हक्क, पण तो लिलावाच्या अटीत लिहा नाहीतर उद्या कोणीतरी त्याच्यावर अपील करेल.

जोंधळा_निवडताना

आणि ओटे. बाजाराच्या बायांना बसायला सिमेंटचे ओटे, वर पत्रा. गाळ्यापेक्षा स्वस्त. संडासाची चावी विसरू नका.

सभा सकाळी अकराला ठेवू देऊ नका. अकराला बाया शेतात असतात. गुरुवारी बाजार उठल्यावर ठेवायला सांगा, संध्याकाळी साडेपाच, त्या तशाही तिथंच असतात, पाट्या आवरत.

बाभळीचा_काटा

पत्र आलं. गुरुवारच, साडेपाच, पारावर! सरपंच म्हणाले देवळात घेऊ, विस्तार अधिकारी म्हणाले बाजारतळाचा विषय आहे तर बाजारतळावरच घ्या. मी हाफ डे टाकलाय. काही विसरतोय का?

दप्तरवाला

सभा संपली की उठू नको. शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून घे, पेनानं, सगळ्यांसमोर, आणि रेघेखाली विस्तार अधिकाऱ्याची सही. मग पानांचे फोटो. वही घरी जायच्या आत.

बाभळीचा_काटा

एसटी स्टँडवरून लिहितोय. जुना ठराव रद्द केला, चावडीचं महसूलला पत्र जाणार, आधी तिचा ऑडिट होणार. गाळे १० का १४ यावर भांडण झालं, तो विषय पुढच्या सभेत. ओटे मंजूर. चावीचं आईनं उभं राहून विचारलं, मला माहीत पण नव्हतं ती बोलणार आहे, इतिवृत्तात चावी बचत गटाकडं असं लिहिलंय. चुलतभावानं विरोध लेखी दिला. ठेकेदार मागं मोटरसायकलवर बसून होता, मधेच गेला.

रेघ मारली. १३७ व्या सहीखाली. गाडी लागली, बाकी नंतर.